बोलत्या टेबलाचे लिफ्टमन

माझ्या घरात माझ्याशिवाय सहा माणसं आहेत आणि ती सहाही एकाच वेळी बोलतात. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली तरी दाराबाहेरून कोणीतरी विचारतं, कात्री कुठे ठेवलीस. अर्धा तास कोणी माझ्याशी बोलू नये, एवढीच माझी या वयातली महत्त्वाकांक्षा आहे. आणि नोकरी मिळाली ती कुठे, तर एकट्या माणसांना बोलायला सोबत मिळवून देणाऱ्या संस्थेत. दैव देतं आणि कर्म नेतं असं म्हणतात; माझ्या बाबतीत त्या दोघांनी आधीच संगनमत केलेलं असावं.

संस्था तशी लहान. एक अध्यक्षबाई, एक समिती, एक कपाट आणि मी. माझ्या हुद्द्याचं नाव 'समन्वयक' आहे. म्हणजे खुर्च्या लावणं, लोकांना फोन करणं आणि कोणी रागावून गेलं की त्याच्या मागे धावणं. वर्षातून एकदा आम्ही अहवाल छापतो. त्याच्या मुखपृष्ठावर दोन हातांचा फोटो असतो, एक सुरकुतलेला आणि एक तरुण. तरुण हात अध्यक्षबाईंच्या सुनेचा आहे. सुरकुतलेला कोणाचा, ते बाईंनाही आठवत नाही.

आमचं मुख्य काम म्हणजे टेबल. सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर कॅन्टीन आहे. तिथलं खिडकीजवळचं मोठं टेबल मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आमचं असतं. त्यावर आम्ही एक छोटी पाटी ठेवतो: 'बोलतं टेबल. बसा, बोला.' ज्याला कोणाशी बोलावंसं वाटेल त्याने येऊन बसायचं. नाव सांगायची सक्ती नाही, वर्गणी नाही, व्याख्यान नाही. कल्पना चांगली आहे, मी चिडकी असले तरी हे मान्य करते. फक्त या चांगल्या कल्पनेच्या डोक्यावर पहिल्यापासून एक माणूस बसलेला होता आणि त्याचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं.

ते म्हणजे लिफ्टमन काका. बाजाराच्या रस्त्यावर कचेऱ्यांची एक अकरा मजली इमारत आहे. मिसरूड फुटल्यापासून निवृत्त होईपर्यंत काकांनी तिथली लिफ्ट चालवली. मग इमारतीत आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्या आणि त्यांना हार घालून घरी पाठवलं. बायको काही वर्षांपूर्वी गेली. एकुलता एक मुलगा लांबच्या शहरात असतो, रविवारी फोन करतो. अंगकाठी काटकुळी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा शर्ट, त्याला अशी कडक इस्त्री की बाही दुमडली तर मोडेल, आणि पाणी लावून चापून बसवलेले केस. मी खुर्च्या लावायला पोचायचे तेव्हा ते आधीच हजर असायचे, दाराकडे तोंड करून. पहिला माणूस टेबलाशी येऊन टेकला, की काका सुरू व्हायचे.

सुरू म्हणजे कसे, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. काच कशी बनवतात. देवमासा झोपतो कसा. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचे स्वतःचेच दात कसे किडले होते आणि तो सुपारी कोंबल्यासारखा सुजलेला गाल घेऊन आपल्याच दवाखान्यात कसा जायचा. एक संपलं की दुसरं. मधे घोटभर पाणी, तोंडात खोकल्याची गोळी, आणि मग ते ठरलेलं वाक्य: "आणखी एक सांगतो." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं. माझे कान किटायचे. घरी सहा तोंडं, इथे एकच. पण या एकाने सहांना मागे टाकलं होतं.

यावर आमच्या समितीचा एक सिद्धान्त होता. माणूस जन्मभर लिफ्टमध्ये गप्प उभा राहिला. लोक चढले, उतरले, कोणाशी चार मजल्यांपेक्षा जास्त बोलणं झालं नाही. ते सगळं आत साठलं आणि आता बाहेर पडतंय. सिद्धान्त मला पटला होता. पटला म्हणून सहन होत होता असं मात्र नाही.

कारण टेबलाचं वाटोळं होत होतं. एक भूगोलाचे निवृत्त मास्तर यायचे. काकांनी त्यांना एका दुपारी ज्वालामुखी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मास्तरांनी तीनदा "मला माहीत आहे" म्हणून पाहिलं, चौथ्यांदा टोपी उचलली आणि गेले. घरी बसून संगणकावर काम करणारा एक दाढीवाला मुलगा यायचा. दिवसभर मी कोणाचा आवाजच ऐकत नाही, असं तो मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. काकांचा आवाज त्याने दोन आठवडे ऐकला. त्यानंतर तो वाचनालयाच्या मागच्या दाराने ये-जा करू लागला.

सगळ्यात जीवाला लागलं ते विणकामवाल्या मावशींचं. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. शेजारणीने हाताला धरून आणलं म्हणून आल्या. लोकर आणि सुया घेऊन बसायच्या, मान खाली. कितीतरी दिवसांनी त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे त्यांना..." एवढंच. पुढचं वाक्य जुळवायला त्या थांबल्या आणि तेवढ्या फटीत काका शिरले. "आणखी एक सांगतो," म्हणाले, आणि सिमेंटवर गेले. त्या दिवशी मला त्यांच्या तोंडात लोकरीचा गुंडा कोंबावासा वाटला.

मी सांगून पाहिलं नाही असं नाही.

"काका, आता जरा मावशींना बोलू द्या."

"बोलू द्या की. मी कुठे अडवलंय? बोला मावशी."

सगळे मावशींकडे बघू लागले. मावशी सुईकडे बघू लागल्या. टेबलावर क्षणभर शांतता पडली. तशी काका बेचैन झाले, खुर्चीत सरकले, घसा खाकरला.

"नाही ना? मग आणखी एक सांगतो."

पालथ्या घड्यावर पाणी. अध्यक्षबाईंनी एक शक्कल काढली. वाळूचं घड्याळ आणलं, वाळू खाली पडेपर्यंत एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. वाळू संपली की काका अत्यंत सभ्यपणे ते घड्याळ उलटं करायचे आणि पुढे बोलायचे. पुढच्या मंगळवारी विणकामवाल्या मावशी आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "गुडघा दुखतोय गं." आवाजावरून गुडघा ठणठणीत होता.

मग समितीची बैठक झाली. टेबलावर आता बहुतेक दिवस काका आणि मी असे दोघंच असायचो. वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल म्हणाले होते की कोणी येत नसेल तर टेबल परत द्या, आमच्या वाचकांना बसायला जागा नाही. समितीत सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की कोणीतरी काकांशी बोलायला हवं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की उंदरांना समन्वयकाची आठवण होते.

"म्हणजे एकटेपणावर काम करणाऱ्या संस्थेने एका एकट्या माणसाला हाकलून द्यायचं," मी म्हटलं.

"हाकलायचं कोण म्हणतंय?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "थोडं थांबवायचं. प्रेमाने. तुला बरोबर जमतं ते."

मला प्रेमाने काहीही जमत नाही, हे माझ्या घरातली सहा माणसं शपथेवर सांगतील. पण पगार मला होता, समितीला नव्हता. मी पत्ता घेऊन निघाले.

काका एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढताना मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते आणि धापा टाकत होते, त्यामुळे वर पोचेपर्यंत प्रेमाचा जो काही साठा होता तो संपला. दार काकांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट नव्हता, बनियन आणि घरातली ढगळ पँट. मला बघून ते बाजूला झाले आणि हाताने आत या अशी खूण केली. बोलले काहीच नाहीत.

एकच खोली. भिंतीला लागून लोखंडी खाट, एका कोपऱ्यात शेगडी आणि दोन भांडी, खिडकीशी टेबल. टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग, कात्री आणि बशीत मीठ. शेजारी गरम पाण्याचा पेला, त्यातून वाफ येत होती. एका कात्रणावर पेन्सिलीने खुणा केलेल्या दिसत होत्या. मधमाश्यांविषयी काहीतरी होतं. मी खुर्चीत बसले. काकांनी मला पाणी दिलं आणि खाटेच्या कडेवर टेकले.

आणि गप्प बसले. मी वाट बघत होते की आता सुरू होतील, मग होतील. नाही झाले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली, निघून गेली, तरी काका गप्प. चेहऱ्यावर कसला ताण नाही, ओशाळलेपण नाही. आंघोळ करून सावलीत बसलेल्या माणसासारखे निवांत. ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा मी इतके महिने ऐकत होते, त्याच्यासमोर शांतता मलाच सहन होईना. शेवटी मी एका दमात सांगून टाकलं.

"काका, टेबलावर तुम्ही जे बोलता ना, ते आता थांबवायचं असं समितीचं म्हणणं आहे."

ते ताठ बसले. "बदली आली का?"

"कसली बदली?"

"माझ्या जागी. बोलायला दुसरा माणूस."

"दुसरं कोणी नाही. नुसतं थांबवायचं."

काकांनी डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. "सुटलो," ते म्हणाले. "खरंच सुटलो, ताई. घसा पार गेलाय माझा. डॉक्टर म्हणतात बोलू नका, आणि इकडे तर ड्यूटी."

मला काही अर्थबोध होईना. मी म्हटलं, "ड्यूटी कसली? कोणी लावली?"

"अध्यक्षबाईंनी. तुम्ही नव्हता तेव्हा. टेबल नवीनच होतं. कोणी बसत नव्हतं त्याच्यावर, लोकांना लाज वाटायची. मी आपला पलीकडच्या कोपऱ्यात चहा घेत होतो. बाई आल्या, म्हणाल्या, गप्प टेबलावर कोणी बसत नाही. तुम्ही इथे बसा आणि बोलत राहा, अजिबात गप्प बसू नका. मी सांगेपर्यंत सोडू नका. मी म्हटलं, मला बोलता येत नाही हो. त्या म्हणाल्या, येईल. मग शिकलो."

"आणि त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही, बस झालं म्हणून?"

"नाही ना. मी दर वेळी दाराकडे बघायचो, येतायत का. लिफ्टमध्ये नियम असतो ताई, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आपण गेलो आणि मधल्या मजल्यावर कोणी अडकलं तर?"

मी कपाळाला हात लावला. खरं तर तो हात अध्यक्षबाईंच्या कपाळाला लावायला हवा होता. म्हणजे हा माणूस मुळात बोलकाच नव्हता. रोज सकाळी वर्तमानपत्र कापून, पेन्सिलीने खुणा करून, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तो आमच्यासाठी बोलणं तयार करत होता. टेबलावर क्षणभर शांतता पडली की तो बेचैन व्हायचा, कारण शांतता म्हणजे त्याच्या कामातली कसूर. आणि आमचा सिद्धान्त काय, तर जन्माचं साठलेलं बाहेर पडतंय. साठलेलं कसलं डोंबल. मला आमच्या समितीची इतकी चीड आली की हातातला पेला मी जरा जोरातच टेबलावर ठेवला.

"मग झालं तर," मी म्हटलं. "आता बोलायचं नाही. मजेत येऊन बसायचं."

"बसायला?" काकांनी विचारलं. "नुसतं?"

"नुसतं."

"तिथे नुसतं कोण बसतं? ज्यांना कोणी नाही ते. त्या मावशी बिचाऱ्या, तो दाढीवाला. त्यांचं बरोबर आहे, एकटी माणसं आहेत. मी कशाला बसू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जिना चढून आलेला थकवा, समितीचा राग आणि हा हट्टी म्हातारा, सगळं एकदम माझ्या जिभेवर आलं.

"तुम्हाला तरी कोण आहे, काका?"

"मला काम आहे," ते ताडकन म्हणाले. मग त्यांनी टेबलावरच्या त्या मधमाश्यांच्या कात्रणाकडे पाहिलं. "होतं," म्हणाले.

मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले, आणि मी दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा रविवारी विचारतो, कामावर गेला होतात का म्हणून. त्याला काय सांगू?" मी "बघू" म्हटलं आणि खाली उतरले. रस्त्यात मला स्वतःचा राग आला, त्यांचा आला, त्या मुलाचाही आला. त्याने तरी काय म्हणून दर रविवारी तेच विचारावं.

अध्यक्षबाईंना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "मी असं म्हणाले होते? म्हणाले असेन. मी दिवसातून शंभर गोष्टी म्हणते." मग त्यांना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की त्या लगेच काहीतरी ठरवतात, हा त्यांचा स्वभाव. "त्यांना पाण्याचे जग भरायचं काम देऊ या. माणसाला आपण उपयोगी आहोत असं वाटलं पाहिजे."

मी फोन केला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जग कॅन्टीनवाला भरतो," ते म्हणाले. "मला माहीत आहे. मी बघायचो. त्याचं काम काढून मला देऊ नका, ताई." आणि फोन ठेवला.

त्या मंगळवारी काका आले नाहीत. शुक्रवारी आले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी दिसल्याची बातमी मात्र वाचनालयभर पसरली असावी, कारण दाढीवाला मुलगा पुढच्या दाराने आत आला. मास्तर टोपी काढून बसले. विणकामवाल्या मावशींचा गुडघा बरा झाला. सगळे आपापल्या कपात बघत बसले. एवढी शांतता की चमचा पडला तर दचकायला व्हावं. घ्या, म्हटलं मी मनात, आता बोला की. मोकळं रान आहे.

शेवटी दाढीवाल्याने हळूच विचारलं, "ते देवमासेवाले नाही आले का?" मास्तर म्हणाले, "देवमाशाचं मला माहीत नाही, ज्वालामुखी त्यांनी अर्धवट सांगितला, आणि जे सांगितलं त्यातलं निम्मं चूक." दाढीवाला हसला. त्याने दातांच्या डॉक्टरचा किस्सा सांगितला, मास्तरांनी सिमेंटचा. काकांची तक्रार करता करता माझं टेबल बोलायला लागलं. अध्यक्षबाई डोकावून गेल्या आणि खूश झाल्या. "बघ, किती छान चाललंय," म्हणाल्या. "प्रेमाने सांगितलं की होतं." मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. मनातल्या मनातच दिलं, पण दिलं.

मावशी त्या तक्रारीत नव्हत्या. सगळे गेल्यावर त्या लोकर आवरत थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ते माझ्यावर रागावले का गं?"

"तुमच्यावर कशाला रागावतील?"

"मी येणं बंद केलं ना. त्यांना वाटलं असेल, हिला आपला कंटाळा आला. तसं नव्हतं. त्यांचा घसा इतका बसलेला असायचा. आणि मी समोर गप्प बसले की ते आणखी बोलायचे. मी जितकी गप्प, तितके ते बोलणार. म्हटलं, आपण नाही गेलो तर त्यांना विश्रांती तरी मिळेल."

मी खुर्ची ओढून बसले. त्या टेबलावर आलेल्या माणसांत काकांचा घसा एकट्या या बाईला ऐकू आला होता. आणि तो ऐकू आला म्हणून ती घरी बसली. ती घरी बसली, म्हणून मी काकांना घरी बसवलं. या लोकांचं काय करावं तेच मला कळत नाही. एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून हे सगळे आपापल्या खोल्यांत जाऊन बसतात, आणि मग आमच्यासारख्यांना पाट्या रंगवाव्या लागतात.

मी पुन्हा फोन केला, या वेळी कुठलं काम न देता. काका म्हणाले, "बरं." मावशी तुमची चौकशी करत होत्या, असं सांगितलं. त्यावरही "बरं." येणार का, असं विचारल्यावर म्हणाले, "मी तिथे कोण म्हणून येऊ, ते मला सांगा." मी सांगू शकले असते. एकटा माणूस म्हणून या, असं म्हणता आलं असतं. एकदा तसं म्हणून झालंही होतं आणि त्याचा काय परिणाम झाला ते मी बघत होते. मी त्यांना जेवण झालं का ते विचारलं आणि फोन ठेवला. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी घरातल्यांवर खेकसते. त्या आठवड्यात माझ्या घरची सहाही माणसं फार कमी बोलली.

मग एका शुक्रवारी, टेबल भरलेलं असताना, कॅन्टीनच्या दारात काका दिसले. आधी मी ओळखलंच नाही. इस्त्री नव्हती. साधा चुरगळलेला शर्ट, पायात घरातल्या चपला, केस वाऱ्याने उडालेले. ते सरळ आमच्या टेबलापाशी आले आणि उभे राहिले. मास्तरांचं बोलणं थांबलं. दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं; आता काच का सिमेंट, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

"मी आज ड्यूटीवर नाही," काका म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. पुढचं वाक्य त्यांनी वर्तमानपत्रातून कापून आणलेलं नव्हतं, ते दिसत होतं. एकदा तोंड उघडून त्यांनी मिटलं. मग म्हणाले, "घरी करमत नाही. बसू का?"

आमच्या टेबलाशी जो येतो तो काहीतरी कारण घेऊन येतो. कोणी पुस्तक बदलायला आलेला असतो, कोणाला उन्हात चालवत नाही, कोणाचा चहाच इथला आवडीचा असतो. अहवालात आम्ही या सगळ्याला मोठमोठे शब्द वापरतो, चार-चार पानं भरतो. पण हे एवढंसं वाक्य त्या टेबलासमोर उभं राहून आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मास्तर टोपीशी चाळा करू लागले.

विणकामवाल्या मावशींनी मान वर केली नाही. शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

"मलाही नाही करमत," त्या म्हणाल्या.

काका बसले. मी तिथून उठले, कारण मला उठणं भाग होतं, आणि गल्ल्याशी जाऊन कॅन्टीनवाल्यावर ओरडले, की एक चहा आणायला किती वेळ लावतोस, माणूस केव्हाचा येऊन बसलाय. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी अजून चहा मागितलाच नव्हता.